नाण्यावरील सम्राज्ञी : महाराणी व्हिक्टोरिया हिचें अल्पचरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत संतांचीं, धर्मगुरूंचीं आणि धर्मग्रामाच्या जुन्या आधारस्तंभांचीं चरित्रें यावयाचीं ही रीतच आहे. त्यांच्या पंक्तीस इंग्लंडच्या एका प्रॉटेस्टंट राणीला आम्ही कां बसवितों, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर आमच्या नांवांतच आहे. मुंबई व साष्टी येथील मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक लोक स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवितात. हें नांव त्यांनीं धारण केलें तें १८८७ सालीं, महाराणी व्हिक्टोरिया हिच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या सुवर्ण ज्युबिलीच्या निमित्तानें. म्हणजे आमच्यांतील पुष्कळांच्या घरीं पणजोबांच्या वेळेपासून चालत आलेलें नांव हें एका बाईच्या ज्युबिलीची आठवण आहे.

ही बाई हिंदुस्थानांत कधीं आली नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं तिला पाहिलें तें रुपयावर, अधेलीवर, पावलीवर, चवलीवर आणि तांब्याच्या पैशावर. गिरगांवच्या वाडींत राहणारा कारकून असो कीं परळच्या गिरणींतला जॉबर असो, महिन्याच्या पगाराबरोबर तिचें मुख त्याच्या हातीं पडे. म्हणून तिचें चरित्र सांगतांना आम्ही तें मुख समोर ठेवून सांगणार आहों. नाण्यावरची राणी आणि राजवाड्यांतली राणी ह्या दोघी नेहमीं एकच असतात असें नाहीं. आणि ही गोष्ट समजण्यास प्रथम थोडें रोमकडे वळलें पाहिजे.

राजघराण्यांतील स्त्रीचें मुख नाण्यावर घालण्याची कल्पना इंग्रजांची नव्हे. इजिप्त देशांतील ग्रीक राजांनीं आपल्या राण्यांचीं मुखें फार पूर्वीं नाण्यांवर घातलीं होतीं. आमच्या महाराष्ट्रांतही जुन्नरकडील एका सातवाहन रुप्याच्या नाण्यावर सातकर्णी राजाच्या नांवाबरोबर त्याची राणी नागनिका हिचें नांव आलेलें आहे. नाणेघाटांतील लेणें जिच्यामुळें प्रसिद्ध झालें तीच ही. तेथें नांव आहे, मुख नाहीं. परंतु सम्राटाच्या आईला, पत्नीला व मुलीला नाण्यावर बसवून तिच्याकडून राज्याचें काम करवून घेण्याचें शास्त्र बनविलें तें रोमन लोकांनींच.

शुभवर्तमानांत प्रभूनें कैसराच्या कराविषयीं बोलतांना जें नाणें दाखवावयास सांगितलें तें टायबेरिअस कैसराचें दिनार होतें अशी परंपरागत समजूत आहे. त्या दिनाराच्या एका बाजूस कैसराचें डोकें व दुसऱ्या बाजूस हातीं राजदंड आणि डहाळी घेतलेली, आसनावर बसलेली एक स्त्री आहे. ती शांतिदेवीच्या रूपांतील कैसराची आई लिव्हिया असावी असें पुष्कळ विद्वान् मानतात. तिचें नांव तेथें नाहीं. इ. स. २२-२३ च्या सुमारास रोममध्यें निघालेल्या दुसऱ्या एका नाण्यावर लिव्हियासारखें एक सुंदर मुख आहे, पण खालीं लिहिलें आहे तें आरोग्यदेवीचें नांव. आणि लिव्हिया त्या वेळीं ऐंशीच्या घरांत होती! नाण्यावरच्या बाईच्या गालावर एकही सुरकुती नाहीं. हींच टायबेरिअसचीं दिनारें मिऱ्यांच्या व्यापाराबरोबर दक्षिण हिंदुस्थानांत आलीं, आणि तेथें त्यांचे हंडेच्या हंडे जमिनींतून निघाले आहेत. कांहीं रोमन मोहरांना भोकें पाडून त्या आमच्या देशांतील स्त्रियांनीं गळ्यांत घातल्या, असेंही त्या मोहरांवरूनच दिसतें. पुढें व्हेनिसच्या मोहरांची पुतळ्यांची माळ झाली ती ह्याच हौसेनें.

पुढील सम्राज्ञींचीं नाणीं पाहिलीं तर प्रत्येकीस एकेक सद्गुण वांटून दिलेला आढळतो. थोरली फॉस्टिना १४० च्या सुमारास वारली. तिच्या पतीनें तिला देवी ठरवून तिच्या नांवें इतकीं नाणीं पाडलीं कीं जिवंतपणीं तिचा जेवढा गाजावाजा झाला नाहीं तेवढा मरणानंतर झाला. तिच्या मुलीचें नांवही फॉस्टिनाच. हिला बारांहून अधिक मुलें झालीं, म्हणून तिच्या नाण्यांवर सुफलता म्हणजे लेंकुरवाळेपण. एका नाण्यावर सिंहासनावर बसविलेलीं दोन जुळीं बाळें आहेत. त्यांपैकीं एक चार वर्षांचें होऊन वारलें. दुसरा कॉमोडस हा क्रूर सम्राट निघाला. नाणें पाडणाऱ्यास ह्यांतलें कांहींच ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि ठाऊक असतें तरी त्यानें तें छापलें नसतें.

आम्हां कॅथलिकांस प्रिय असलेली संत हेलेना हीही नाण्यांवर आहे. ३२४ सालीं तिचा पुत्र कॉन्स्टंटाइन ह्यानें तिला ऑगस्टा ही पदवी दिली आणि तिच्या नाण्यावर राज्याची निर्भयता अशा अर्थाचे लॅटिन शब्द आले. त्याच वेळीं त्याची पत्नी फॉस्टा हिचीं नाणीं निघालीं. त्यांवर ती दोन तान्हीं बाळें उराशीं धरून उभी आहे व बाजूस राज्याची आशा असें लिहिलें आहे. दोन वर्षांनीं, ३२६ सालीं, कॉन्स्टंटाइननेंच तिला ठार करविलें आणि तिचीं नाणीं एकाएकीं थांबलीं. हेलेनेच्या आयुष्यांतील दुःख ह्याहून जुनें होतें. ती साध्या घरची, एका खाणावळींतील मुलगी होती अशी कथा आहे. तिच्या पतीनें राज्यलोभास्तव तिला टाकून थिओडोरा नांवाच्या राजकन्येशीं लग्न केलें. हेलेना सुमारें ३३० सालीं निवर्तली. त्यानंतर, ३३७ पासून पुढें तीन वर्षें, एकाच टांकसाळींतून टाकलेल्या हेलेनेचीं व तिची जागा घेणाऱ्या थिओडोरेचीं अशीं दोघींचीं नाणीं बरोबरीनें निघत होतीं. दोघींच्या नातवंडांत राज्य वांटलें गेलें होतें, म्हणून नाण्यांवर सवतींची दिलजमाई! एकीच्या नाण्यावर सार्वजनिक शांति, दुसरीच्या नाण्यावर भक्तिभाव.

आतां व्हिक्टोरिया. हें नांवच लॅटिन आहे. त्याचा अर्थ विजय, आणि पंख असलेली विजयदेवी व्हिक्टोरिया ही रोमन नाण्यांवर पावलोपावलीं भेटते. मुलीचें पाळण्यांतलें पहिलें नांव मात्र अलेक्झांड्रिना. तिचा जन्म लंडन येथील केन्सिंग्टनच्या राजवाड्यांत २४ मे १८१९ रोजीं झाला. बाप केंटचा ड्यूक. तो मुलगी आठ महिन्यांची असतांनाच वारला. आई जर्मन. आईनें मुलीला इतक्या कडक पहाऱ्यांत वाढविलें कीं राणी होईपर्यंत ती मुलगी आईच्या खोलींतच निजत असे आणि कोणाचा हात धरल्याशिवाय तिला जिना उतरण्याची मुभा नव्हती. २० जून १८३७ रोजीं पहाटे तिला उठवून चुलता चौथा विल्यम वारल्याचें सांगण्यांत आलें. त्या वेळीं तिला अठरावें वर्ष पुरें होऊन चारच आठवडे झाले होते.

मुंबईंत राज्य होतें तें ईस्ट इंडिया कंपनीचें. ह्या देशांत रुपयावर माणसाचें मुख असण्याची चाल बहुधा नव्हतीच. कंपनीही कैक वर्षें दिल्लीच्या बादशहा शहाआलमच्या नांवानें रुपये पाडी, आणि देशावर चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. त्यांवर अक्षरें व चिन्हें असत. १८३५ सालीं कंपनीनें सर्व मुलखांत एक रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग शुद्ध रुपें. त्यावर विल्यम राजाचें डोकें आलें. मुंबईचे हे कलदार रुपये टाउन हॉलच्या शेजारच्या टांकसाळींत वाफेच्या यंत्रांवर पडत. ती दगडी इमारत कोटांत आजही उभी आहे.

१८४० पासून त्या रुपयावर व्हिक्टोरिया आली. विल्यम वायन ह्या कुशल खोदकामगारानें केलेलें तें मुख पाहण्यासारखें आहे. डोक्यावर मुगूट नाहीं, अंगावर दागिना नाहीं. केंस मागें फितीनें बांधलेले आणि मान सरळ. रोमन नाण्यांवरून हा नमुना घेतला आहे हें पाहतांक्षणीं कळतें. मागील बाजूस कंपनीचें नांव, इंग्रजींत व फारसींत एक रुपया, आणि १८४० हें साल. पुढें वीस वर्षें हजारों रुपये पडले तरी त्यांवर साल तेंच राहिलें! त्याच वर्षीं, १० फेब्रुवारीस, व्हिक्टोरियेचें आपल्या मामेभावाशीं, प्रिन्स आल्बर्ट ह्याच्याशीं लग्न झालें. हा विवाह प्रीतीचा होता. १८४० ते १८५७ ह्या सतरा वर्षांत तिला नऊ मुलें झालीं. फॉस्टिनेप्रमाणें तिच्या नाण्यावर लेंकुरें आलीं नाहींत हें खरें, तथापि चित्रांतून व पुढें छायाचित्रांतून लेंकुरवाळी, गृहस्थधर्मी राणी म्हणून तिची कीर्ति जगभर पसरली. स्वतः तिला बाळंतपणांचा मनस्वी कंटाळा होता व तान्हीं मुलें तिला फारशीं आवडत नसत, हें तिच्या पत्रांवरून मागाहून लोकांस समजलें.

१८५७ च्या बंडानंतर कंपनीचें राज्य गेलें. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं राणीचा जाहीरनामा गांवोगांवीं वाचण्यांत आला. मुंबईंतही तो समारंभानें वाचला गेला. कोणाच्या धर्मांत हात घालणार नाहीं, आणि जात वा धर्म न पाहतां लायकीप्रमाणें सरकारी नोकऱ्या देऊं, हीं त्यांतील दोन वचनें. पहिलें बहुतांशीं पाळलें गेलें. दुसऱ्याचा पाठपुरावा आमच्या लोकांनीं पुढील ऐंशी-नव्वद वर्षें केला, आणि ईस्ट इंडियन हें नांवही त्याच पाठपुराव्यांतून निघालें. तें पुढें येईलच.

नव्या राज्याला नवें नाणें हवें होतें. तें १८६२ सालीं आलें, आणि आमच्या ह्या सर्व लेखाचें कारण तेंच नाणें आहे. त्यावर राणीचा छातीपर्यंतचा पुतळा आहे; मस्तकावर मुगूट, अंगांत वेलबुट्टीचें भरजरी वस्त्र, चेहरा तरुण. मागील बाजूस फुलांच्या वेलींत वन रुपी, इंडिया, आणि साल. फारसी अक्षरें गेलीं. मुंबईच्या टांकसाळींत हें नाणें पडूं लागलें तेव्हां खरी राणी कशी होती? १४ डिसेंबर १८६१ रोजीं विंडसरच्या राजवाड्यांत आल्बर्ट वारला. पदरीं नऊ मुलें व वय बेचाळीस. तिनें काळीं वस्त्रें अंगावर घेतलीं तीं शेवटपर्यंत उतरलीं नाहींत. वर्षानुवर्षें ती लोकांसमोर येईना. पार्लमेंट उघडण्यास जाईना. आल्बर्टच्या खोलींत रोज सकाळीं ऊन पाणी व कपडे जणूं तो दाढी करणार आहे अशा बेतानें ठेवविले जात. लंडनांत कुरकुर सुरू झाली. मुगूट घालणें तिला नकोसें झालें. १८७० मध्यें तिनें हिऱ्यांचा एक अगदीं लहान मुगूट करविला तो विधवेच्या टोपीवर बसावा म्हणून.

इकडे रुपयावर मात्र ती राजवस्त्रें लेवून, मुगूट घालून बसली. १८६२ पासून १९०१ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ तिच्या वैधव्याइतकाच काळ, हा मुगुटाचा रुपया चालला. वस्त्रावरच्या नक्षींत किरकोळ फरक झाले. चेहरा वयानें वाढला नाहीं. इंग्लंडांतील नाण्यांवर तसें झालें नाहीं. तेथें १८८७ सालीं बेम ह्या शिल्पकारानें तो लहान मुगूट घातलेली प्रौढ राणी काढली, आणि मुगूट आतां घसरून पडेल कीं काय अशी लोकांनीं तिची थट्टा केली. १८९३ मध्यें ब्रॉक ह्यानें काढलेली राणी आली, ती पदर घेतलेली, थकलेल्या चेहऱ्याची वृद्ध विधवा. आणि तें मुख खरोखर सुंदर आहे असें आमचें मत आहे. हिंदुस्थानच्या रुपयावर ती विधवा कधींच आली नाहीं. ज्या देशांत विधवेचें केशवपन होत असे, तिला शुभकार्याच्या वेळीं पुढें येऊं देत नसत, त्या देशांत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडलेल्या रुपयावरील बाई विधवा आहे हें किती घरांत ठाऊक असेल? सरकारनें मुद्दाम तसें केलें असें म्हणण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं. नवे ठसे करण्याचा आळस किंवा चालत्या नाण्यावर लोकांचा बसलेला विश्वास मोडूं नये ही सावधगिरी, एवढेंही कारण पुरेसें आहे. १८६२ हें सालसुद्धां त्या रुपयांवर दहा-अकरा वर्षें तसेंच ठेवलें होतें. मुंबईच्या रुपयांवरील बारीक ठिपके मोजून नाणेशास्त्री आज त्यांचीं वर्षें ओळखतात.

१८७७ सालीं रुपयावरील एक शब्द बदलला. क्वीनच्या जागीं एम्प्रेस आलें. डिझरेली ह्या प्रधानानें आदल्या वर्षीं पार्लमेंटांतून हा किताब मंजूर करून घेतला होता; एम्प्रेस हा शब्द परकी व जुलमी वाटतो म्हणून तेथें बराच विरोध झाला. हिंदुस्थानी भाषेसाठीं शब्द निवडला तो कैसर-इ-हिंद. ज्या कैसराचें दिनार प्रभूच्या हातीं आलें त्याचेंच हें नांव, अठराशें वर्षांनीं एका स्त्रीला लागलें. १ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटन ह्यानें दिल्लीस मोठा दरबार भरवून हा किताब जाहीर केला. त्या दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातविणीच्या साध्या खादीच्या वेषांत गेले होते. आणि त्याच महिन्यांत सातारा, सोलापूर, विजापूर, धारवाड ह्या बाजूस दुष्काळ माजला होता. लोक खडी फोडण्याच्या कामावर जाऊन पोट भरीत, आणि ज्यांना तेंही झेपलें नाहीं ते रस्त्यांत पडत. एम्प्रेस हा शब्द असलेला पहिला रुपया दुष्काळाच्या वर्षाचा आहे. इंग्लंडांतील नाण्यांवर मात्र हिंदुस्थानची सम्राज्ञी हीं अक्षरें १८९३ पर्यंत आलीं नाहींत. घरीं सोळा वर्षें नुसती क्वीन, आणि आमच्याकडे पहिल्या वर्षापासून एम्प्रेस!

अशा रीतीनें १८८७ ची सुवर्ण ज्युबिली आली. ज्युबिली हा शब्द जुन्या करारांतला. पन्नासाव्या वर्षीं दासांना मोकळें करावें आणि गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावी असा त्याचा मूळ अर्थ. मुंबईंत त्या वर्षीं रोषणाई झाली, बोरीबंदरच्या नव्या भव्य स्टेशनास राणीचें नांव मिळालें, आणि भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालें, तें १९२३ मध्यें माटुंग्यास गेलें. आमच्या लोकांनीं २६ मे १८८७ रोजीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केलें. ह्या नांवामागें व्यवहार होता. तोंपर्यंत आमच्या लोकांस कोणी पोर्तुगीज म्हणे, कोणी नेटिव्ह ख्रिश्चन म्हणे. गोव्याहून मुंबईस येणारे कॅथलिक बंधु हे त्या काळीं पोर्तुगालचे प्रजाजन. नांवें मात्र दोघांचीं सारखींच, डिसोझा, परेरा, फर्नांडिस. आम्ही ह्याच मातीचे, मराठी बोलणारे, आणि ह्या भागांत इंग्रजांचे पहिल्यापासूनचे प्रजाजन आहों, तेव्हां सरकारी कचेऱ्यांतून व रेल्वेंतून आमचा हक्क आधीं, असें त्यांस राणीच्या सरकारास दाखवावयाचें होतें. म्हणून कंपनीच्या नांवाची आठवण देणारें नांव निवडलें. मौज अशी कीं ती कंपनी १८७४ मध्यें कायद्यानें कायमची मिटलेली होती. मेलेल्या कंपनीचें नांव आणि कधीं न पाहिलेल्या राणीची ज्युबिली ह्यांतून आमच्या समाजाचें बारसें झालें. ह्यांत पूर्वजांना हंसण्यासारखें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. लुगडें नेसणाऱ्या, मराठींत प्रार्थना म्हणणाऱ्या आयांच्या मुलांना पोर्तुगीज समजून नोकरींतून परत पाठविलें जाऊं नये एवढीच त्यांची विवंचना होती. तथापि ह्यामुळें गोवेकर बंधूंशीं जो दुरावा आला, तो मुंबईच्या धर्मग्रामांतून पुढें दोन पिढ्या पुरला, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं.

त्याच ज्युबिलीच्या वर्षीं राणीच्या चाकरींत आग्र्याकडील अब्दुल करीम नांवाचा तरुण आला. तो तिचा मुनशी झाला. अडुसष्ट वर्षांची ती सम्राज्ञी त्याच्यापाशीं रोज हिंदुस्थानी भाषा लिहावयास शिकूं लागली आणि मरेपर्यंत, तेरा वर्षें, वह्या भरीत राहिली. तिच्या मुलांना व दरबाऱ्यांना हा मुनशी डोळ्यांत सले. तिनें कोणाचें ऐकलें नाहीं. जी लिपी तिच्या रुपयावरून १८६२ मध्यें काढली गेली होती ती म्हातारपणीं ती हातानें गिरवीत होती. आमच्या मतें ही गोष्ट तिच्या चरित्रांत सर्वांत गोड आहे.

पुढील दहा वर्षें रुपयास वाईट गेलीं. जगांत रुप्याचा भाव उतरला. १८७० च्या सुमारास विलायतेंत जवळ जवळ दोन शिलिंगांस जाणारा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. तोंपर्यंत कोणीही रुपें घेऊन मुंबईच्या टांकसाळींत जावें आणि रुपये पाडून आणावे अशी मोकळीक होती. जून १८९३ मध्यें ती सरकारनें बंद केली. चीन देशाशीं सुताचा व्यापार करणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना त्याचा धक्का बसला. आणि १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेग ओळखला. हे गोव्याकडील कॅथलिक. त्यांचा पुतळा धोबीतलावास आहे. शहरांतून लाखों लोक पळाले. ह्याच काळांत मुंबईच्या वाड्यांतून आणि गांवठाणांतून जागोजाग क्रूस उभे राहिले. त्यांपैकीं कित्येकांसमोर मे महिन्यांत आजही लितानी म्हटली जाते. त्या ऑक्टोबरांत एस्प्लनेडवरील राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी रात्रीं डांबर फांसून गेलें. नोबल ह्या शिल्पकारानें केलेला हा पुतळा १८७२ मध्यें उघडला होता व बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं तो दिला होता. डांबर फांसणारे पुण्याचे चाफेकर बंधु होते हें मागाहून उघड झालें. प्लेगच्या तपासणींत शिपाई घरांत शिरून बायामाणसांस ओढून काढीत, ह्याचा संताप पुण्यांत धुमसत होता. २२ जून १८९७ रोजीं, राणीच्या साठ वर्षांच्या हीरक ज्युबिलीची रोषणाई गणेशखिंडींत पाहून परतणाऱ्या रँड ह्या अधिकाऱ्यावर व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यावर चाफेकरांनीं गोळ्या झाडल्या. त्याच दिवशीं लंडनांत वृद्ध राणी सेंट पॉलच्या देवळासमोर गाडींतच बसून राहिली होती. पाय दुखत असल्यामुळें तिला पायऱ्या चढवेनात, म्हणून उपासना तिच्या गाडीपाशीं, उघड्यावर झाली.

२२ जानेवारी १९०१ रोजीं वाइट बेटावरील ऑस्बोर्न येथें तिनें देह ठेवला. वय एक्क्याऐंशी, राज्य त्रेसष्ट वर्षें सात महिने. आपल्या प्रेतयात्रेविषयीं तिनें लिहून ठेवलेल्या सूचनांत काळा रंग नको, पांढरा हवा, असें होतें. त्याप्रमाणें पांढऱ्या वस्त्रांत, १८४० मधील लग्नाची ओढणी मुखावर घालून, तिला शवपेटींत ठेवलें आणि फ्रॉगमोर येथें आल्बर्टशेजारीं पुरलें. चाळीस वर्षांच्या काळ्या वस्त्रांनंतर ती पुन्हां नवरी झाली. मुंबईच्या टांकसाळींत त्या वर्षीं पडलेल्या रुपयांवर मुगूट तसाच होता.

तिच्या मुलाचा, सातव्या एडवर्डचा, रुपया १९०३ मध्यें निघाला. त्यावर राजा बोडका आहे. १९११ मध्यें पांचव्या जॉर्जचा आला, तेव्हां त्याच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी हूल उठली आणि सरकारला तो ठसा बदलावा लागला. नाण्याकडे लोक किती बारकाईनें पाहतात तें ह्यावरून कळावें. राणीछाप रुपया सर्वांच्या बरोबरीनें चालत राहिला. रुप्याची टंचाई पडली तेव्हां, १९४१ मध्यें, तो कायदेशीर चलनांतून गेला. एस्प्लनेडचा पुतळा हलवून राणीच्या बागेशेजारीं, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत नेला आहे. त्यावरील नक्षीदार छत्र राहिलें नाहीं. बोरीबंदरच्या स्टेशनाचें नांव १९९६ मध्यें बदललें. राणीच्या बागेचेंही अधिकृत नांव कधींच बदललें आहे, परंतु मुलांना हत्ती दाखवावयास नेणारा लालबागचा माणूस टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगतो.

तो रुपया आज पहावयाचा असेल तर झवेरी बाजारांत जावें. दिवाळीच्या आधीं तेथें राणीछापास गिऱ्हाईक असतें. कोणी पूजेस नेतो, कोणी लग्नांत आहेरास देतो. दुकानदार प्रथम तिचें मुख पाहतो, मुगुटाच्या व गालाच्या कडा झिजल्या आहेत कीं नाहींत तें अंगठ्यानें चांचपतो, आणि मग तिला तराजूंत घालतो. फार झिजलेली नसेल तर ती अजून एक तोळा भरते.